रंगाचा डबा खाली ठेवा

गणपती गेले की आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दरवर्षी न चुकता एक मेसेज येतो. "चांगला पेंटर सुचवा. बेडरूमच्या भिंतीला ओल आली आहे, दिवाळीच्या आत काम उरकायचंय." त्याखाली धडाधड पाच-सात फोन नंबर पडतात, दोन अंगठे, एक नमस्कार. ओल कुठून येतेय, हे कोणीही विचारत नाही. मीही कधी विचारलं नव्हतं.

मंडळी, आजचा लेख जरा भांडायच्या मूडमध्ये लिहितोय. म्हणणं एका वाक्याचं आहे. ओल्या भिंतीला रंग देणं ही दुरुस्ती नाही, तो पुरावा नष्ट करण्याचा प्रकार आहे. आणि दिवसभर ऑफिसात 'रूट कॉज, रूट कॉज' करून घसा कोरडा करणारी आपल्यासारखी माणसं घरी येऊन हा प्रकार बिनदिक्कत करतात.

आधी कबुलीजबाब देतो, म्हणजे पुढे उपदेश करायचा थोडाफार हक्क मिळेल.

मी, वरच्या मजल्यावरचा

आमची इमारत ठाण्यातली, १९९४ सालची. चार वर्षांपूर्वी आम्ही बाथरूम नवीन करून घेतलं. जुन्या पांढऱ्या टाइल्स, गंजलेले नळ, सगळं काढलं. कंत्राटदाराने जमीन खणली, नहाणी ट्रॅप बदलला, वॉटरप्रूफिंगचे थर दिले आणि मला म्हणाला, "साहेब, आता दोन-तीन दिवस पाणी भरून ठेवू. खाली उतरलं नाही की मग टाइल बसवू." दिवाळी आठ दिवसांवर आली होती, घरी पाहुणे येणार होते. मी म्हणालो, "राहू दे हो, तुमच्या कामावर विश्वास आहे."

विश्वास वगैरे काही नव्हता. घाई होती. ऑफिसात एखाद्याने टेस्टिंग गाळून रिलीज करू असं नुसतं म्हटलं तरी मी त्याचं काय करतो, ते माझ्या टीमला विचारा.

पुढच्या पावसाळ्यात खालच्या काकू वर आल्या. "अरे, आमच्या बेडरूमच्या छताला ओल आलीये. तुमच्या बाथरूमच्या बाजूलाच आहे. बघतोस का जरा?" मी खाली गेलो, मान वर करून पाहिलं आणि महाराष्ट्रातला प्रत्येक वरच्या मजल्यावरचा माणूस जे उत्तर देतो तेच दिलं. "काकू, पावसाची असणार. बाहेरच्या भिंतीतून येते." त्यांनी मान डोलावली, दिवाळीआधी रंग काढून घेतला. दुसऱ्या वर्षी डाग परत आला, जरा मोठा होऊन. परत मी पावसाला दोष दिला, परत त्यांनी रंग काढला. तिसऱ्या वर्षी त्या वर आल्याच नाहीत. थेट पेंटरला फोन केला.

गेल्या नोव्हेंबरात, दिवाळीचा रंग पुरता वाळलाही नसेल, दुपारी त्या छताचा एक तुकडा निसटला आणि काकांच्या उशीवर पडला. नुसता गिलावा नाही, काँक्रीटही होतं. उचलून पाहिला तर दोन किलोच्या वर सहज भरला असता. काका रोज दुपारी तिथेच झोपतात. त्या दिवशी ते पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेले होते.

हा योगायोग मला विनोदी वाटायला हवा होता. अजूनही वाटत नाही.

पाऊस थांबून महिना होऊन गेला होता, त्यामुळे माझी पावसाची सबबही संपली होती. त्या रात्री मी नहाणी ट्रॅपच्या तोंडात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कपड्याचा बोळा घट्ट बसवला, बाथरूममध्ये दोन इंच पाणी भरलं आणि त्यात नीळ ओतली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकूंच्या उघड्या पडलेल्या स्लॅबवर निळा थेंब लोंबकळत होता. काकू काही बोलल्या नाहीत. चहा टाकते म्हणाल्या. एखाद्या सणसणीत शिवीनेही मला इतकी लाज वाटली नसती.

असो. कबुली संपली. आता मुद्द्यावर.

थेंबाचा हिशेब

पाण्याची भीती आपल्याला मोठ्या आकड्यांची वाटते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तो आकडा मुंबई-ठाण्याच्या माणसाला पाढ्यासारखा पाठ असतो. पण इमारती बहुतेक वेळा अशा एका दिवसाने खचत नाहीत, थेंबाथेंबाने खचतात. साधं गणित करा. सेकंदाला एक थेंब, थेंब सुमारे ०.०५ मिलिलिटरचा. दिवसाला चार लिटरच्या वर पाणी झालं, वर्षाला दीड हजार लिटरच्या वर. म्हणजे तुमच्या गच्चीवरची दीड टाकी वर्षभरात खालच्यांच्या स्लॅबमधून गेली, आणि तुम्हाला दिसला काय, तर एक पिवळट डाग.

आत काय होतं तेही पाहू. काँक्रीट चांगलंच अल्कधर्मी असतं, शाळेत शिकलेला सामू इथे साडेबारा-तेराच्या घरात असतो. त्यामुळे आतल्या सळईवर एक अतिपातळ संरक्षक थर तयार होतो आणि ती गंजत नाही. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं काँक्रीटमध्ये मुरत जातो आणि हा सामू उतरत जातो. तो नऊच्या आसपास आला की संरक्षण गेलं. मग गंज चढायला दोनच गोष्टी लागतात, हवा आणि पाणी. हवा फुकट आहे. पाण्याची सोय वरच्या मजल्यावरून मी करत होतो.

गंजलेलं लोखंड फुगतं. मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट जागा घेतं. आतून पाचर ठोकल्यासारखं ते काँक्रीट फोडतं. आधी सळईच्या रेषेत बारीक तडा दिसतो, मग पोकळ आवाज येतो, मग एखाद्या दुपारी तुकडा उशीवर येतो. तीन वर्षं काकूंचा पेंटर त्या तड्यात पुट्टी भरत होता. त्याचा दोष नाही. त्याला रंगाचे पैसे मिळतात, निदानाचे नाही.

बरं, छत सोडा, साध्या भिंतीचंही तेच. ओल विटांमधले क्षार विरघळवून पृष्ठभागापर्यंत आणते. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. आपल्या आज्या याला 'भिंतीला लोणा लागला' म्हणायच्या. वरून तुम्ही महागडा ओल-प्रतिबंधक रंग दिलात की पाण्याचा बाहेर पडायचा रस्ता बंद होतो. पाणी मात्र मागून येतच राहतं. ते बाजूला सरकतं, वर चढतं, रंगाच्या मागे क्षारांचे खडे जमवतं आणि एक दिवस रंगाचा पापुद्रा पुरीसारखा फुगवून काढतं. मग आपण म्हणतो, "रंग खराब निघाला." एक्सेप्शन पकडायचं, काहीच न करता गिळून टाकायचं, आणि प्रोग्रॅम भलत्याच ओळीवर कोसळला की कंपायलरला शिव्या द्यायच्या, त्यातलाच प्रकार.

निदान हे कौशल्याआधी चिकाटीचं काम आहे

यात फार मोठं शास्त्र आहे आणि ते फक्त तज्ज्ञांनाच कळतं, हा समज सोडा. पहिल्या फेरीचं निदान कोणीही करू शकतो. त्यासाठी एकच प्रश्न विचारायचा: ओल केव्हा वाढते?

दिवसरात्र, बाराही महिने सारखीच असेल, तर संशय दाबाखालच्या पाइपवर, म्हणजे नळाच्या लाइनवर. आंघोळी, धुणी-भांडी झाल्यावर वाढत असेल, तर सांडपाण्याची लाइन, नहाणी ट्रॅपचा सांधा किंवा बाथरूमची जमीन. फक्त पावसात वाढत असेल, तर गच्ची, बाहेरच्या भिंतीचे तडे, खिडकीचा छज्जा, डक्टमधले पाइप. आणि पावसाळ्यात कपाटामागे, कोपऱ्यात, कुठेही तडा नसताना नुसती बुरशी येत असेल, तर कदाचित गळती नाहीच. घरातल्या दमट हवेची वाफ थंड भिंतीवर बसतेय.

हे शेवटचे दोन प्रकार वेगळे करायला दहा रुपयांची चाचणी आहे. भिंतीवर फूटभर ॲल्युमिनियम फॉइल किंवा प्लास्टिक चारी बाजूंनी चिकटपट्टीने सीलबंद लावा, एक-दोन दिवस थांबा. भिंतीकडच्या बाजूला दव जमलं तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडच्या बाजूला जमलं तर हवेतून.

दुसरं हत्यार म्हणजे पेन्सिल. डागाच्या कडेने रेघ मारा, शेजारी तारीख लिहा. आठवड्याने परत. याच्याइतकी स्वस्त लॉग फाइल जगात नाही. समोरच्याशी भांडताना "वाढलीये हो" म्हणण्यापेक्षा तारखांच्या चार रेघा दाखवणं केव्हाही चांगलं.

तिसरं, मी केलं ते. बाथरूममध्ये रंगीत पाणी भरून ४८ ते ७२ तास ठेवायचं. गच्चीवरही तेच, बांध घालून. फक्त एका वेळी एकच जागा तपासा. बाथरूम, किचन आणि बाल्कनी एकदम भरलीत तर खाली आलेला थेंब कोणाचा, हे ब्रह्मदेवालाही कळणार नाही. एका वेळी एकच व्हेरिएबल बदलावं, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

हल्ली यंत्रं घेऊन लोक येतात, त्यांच्याबद्दल दोन शब्द. थर्मल कॅमेरा पाणी बघत नाही, पृष्ठभागाचं तापमान बघतो. थंड भाग ओला असू शकतो, किंवा नुसताच थंड. दोन टोचण्यांचं ओलावा मोजणारं मीटर बहुधा लाकडासाठी बेतलेलं असतं. गिलाव्यावरचा त्याचा आकडा म्हणजे खरी टक्केवारी नव्हे, आणि भिंतीत क्षार असतील तर तो फुगून येतो. या भिंतीची त्या भिंतीशी तुलना करायला दोन्ही यंत्रं उत्तम. पण रंगीबेरंगी फोटो दाखवून कोणी लगेच कोटेशन पुढे सरकवलं, तर त्याला 'ओल केव्हा वाढते?' हा प्रश्न विचारा. उत्तर नसेल तर चहा पाजून निरोप द्या.

एक सापळा सांगायलाच हवा, कारण मी स्वतः त्यात पडलो. बऱ्याच इमारतींत बाथरूमची स्लॅब खोलगट असते, तिच्यात विटांचे तुकडे आणि कोबा भरून वर जमीन करतात. वरचा सांधा फुटला की हा खड्डा आतल्या आत बादलीसारखा भरतो. त्यामुळे वरची गळती दुरुस्त झाल्यावरही खाली कित्येक दिवस थेंब पडत राहतात. लोक म्हणतात काम फसलं. उलटंही होतं. वरचे लोक मे महिन्यात गावाला जातात, खालची ओल सुकते, सगळे म्हणतात आपोआप बरं झालं. आपोआप काहीही बरं होत नसतं. बग रिप्रोड्यूस झाला नाही म्हणून तिकीट बंद करणाऱ्याला आपण काय म्हणतो?

सारवासारवीची बाजारपेठ

आता खरा राग.

गळतीच्या भोवती एक अख्खी बाजारपेठ उभी आहे आणि तिचा माल एकच: दिसू नये याची हमी. बाथरूमला फॉल्स सीलिंग लावतात, म्हणजे वरची गळती दिसायची बंद. ओल्या भिंतीवर प्लायचं पॅनेलिंग करतात, वर वॉलपेपर. मागे बुरशीला अंधार, ओल आणि खायला लाकूड, तिन्ही एका जागी. 'काही न फोडता, खालून इंजेक्शन' हा नवा प्रकार. तड्यात रसायन भरून पाणी थांबवण्याचं ते तंत्र खरं आहे आणि योग्य जागी उपयोगीही आहे. पण वरचा सांधा फुटलेला असताना खालचा तडा बुजवलात, तर स्लॅबमध्ये शिरलेलं पाणी परत वर जात नाही. ते दुसरा रस्ता शोधतं, सळईच्या सोबतीने.

भाड्याच्या घरांचं तर विचारूच नका. जुना भाडेकरू गेला की नव्याच्या आधी रंगाचा हात. आपण फेब्रुवारीत घर बघायला जातो, पांढऱ्याशुभ्र भिंती बघून खूश होतो आणि जुलैत उशीला वास येतो. शक्य असेल तर घर ऑगस्टमध्ये बघा. नाही जमलं तर निदान सिंकखालचं कपाट उघडा, भिंतीतल्या कपाटाच्या आत नाक घाला, बाथरूमच्या फॉल्स सीलिंगची एक फळी उचलायला सांगा. आणि सगळं घर जुनाट असताना एकाच भिंतीला ताजा रंग दिसला, तर त्या भिंतीबद्दल विचारा. विकत घेताना तर दहादा विचारा.

हा केवळ पैशांचा मामला असता तर मी इतका तडतडलो नसतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातली ओल आणि बुरशी यांवर स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वं काढली. अशा घरांत राहणाऱ्यांना दम्याचा आणि श्वसनाच्या तक्रारींचा धोका जास्त असतो, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. इंग्लंडमध्ये रॉचडेलला डिसेंबर २०२० मध्ये अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा वारला. घरातल्या बुरशीत दीर्घकाळ राहिल्यामुळे झालेल्या श्वसनाच्या आजाराने तो गेला, असा निष्कर्ष तिथल्या कॉरोनरने नोव्हेंबर २०२२ मध्ये दिला. त्याच्या वडिलांनी २०१७ साली बुरशीची तक्रार केली होती, तेव्हा त्यांना सल्ला मिळाला होता: वरून रंग द्या. पुढे २०२३ च्या कायद्यात त्या मुलाच्या नावाने ओळखली जाणारी तरतूद आली आणि ऑक्टोबर २०२५ पासून तिथल्या सामाजिक गृहनिर्माणातल्या घरमालकांना अशा तक्रारींची दखल ठरावीक मुदतीत घेणं बंधनकारक झालं. 'वरून रंग द्या' हे वाक्य तिकडेही तेच आणि इकडेही तेच.

साफ करायचं तर कसं?

क्रम महत्त्वाचा आहे, आणि आपण नेमका तोच उलटा करतो.

सगळ्यात आधी वीज. छतातला थेंब दिव्याच्या बॉक्समधून किंवा पंख्याच्या हुकातून पडत असेल तर त्या लाइनचा एमसीबी खाली करा, मग बादली ठेवा. आपण आधी बादली ठेवून तिचा फोटो ग्रुपवर टाकतो.

मग पाण्याचा उगम बंद. तो बंद होत नाही तोवर पुढचं सगळं वाया.

मग ओलं सामान बाहेर. भिजलेल्या गाद्या, कार्पेट, प्लाय, जिप्सम बोर्ड यांवर २४ ते ४८ तासांत बुरशी धरायला सुरुवात होऊ शकते. टणक, गुळगुळीत वस्तू साबणाच्या पाण्याने पुसून वाळवता येतात. फुगलेला प्लाय आणि आतपर्यंत बुरशी गेलेली गादी टाकून द्यावी. जीव तुटतो, मान्य. पण टाकावी.

बुरशी पुसताना मास्क, हातमोजे, खिडक्या उघड्या. कोरड्या झाडूने झाडू नका, बीजाणू घरभर उडतात. ब्लीचवर फार भिस्त ठेवू नका. टाइलवर ते काम करतं, पण सच्छिद्र गिलाव्यात खोल जात नाही. मेलेली बुरशीसुद्धा ॲलर्जी देते, म्हणून ती नुसती मारून चालत नाही, काढावी लागते. आणि कृपा करून ब्लीच आणि संडास धुण्याचं ॲसिड एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो, आणि आपली बाथरूम्स किती मोठी असतात ते आपल्याला ठाऊक आहे.

मग गिलावा. पोकळ वाजणारा, क्षार धरलेला गिलावा विटेपर्यंत खरवडून काढायचा. स्लॅबची सळई उघडी पडली असेल तर तिथे पेंटरचं काम संपलं आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचं सुरू झालं. सुटं काँक्रीट काढणं, सळईचा गंज घासून तिची जाडी किती उरली ते मोजणं, गंजरोधक लेप, मग पॉलिमर मिसळलेलं मॉर्टार. सळई फारच झिजली असेल तर जोडीला नवी. हे काम चालू असताना खालून टेकू लागतो की नाही, हेही त्यानेच सांगायचं.

आणि मग थांबायचं. ही पायरी आपल्या हाडांत नाही. विटांच्या भिंतीसाठी एक ढोबळ ठोकताळा वापरतात: जाडीच्या दर इंचाला एक महिना. साडेचार इंची भिंत चार-पाच महिने, नऊ इंची त्याहून जास्त. दोन्ही बाजूंनी हवा असेल तर लवकर. पावसाळ्याच्या दमट हवेत तर जवळजवळ नाहीच.

आता आपलं कॅलेंडर बघा. मुंबई-ठाण्यातून पाऊस साधारण ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात जातो. दिवाळी ऑक्टोबरच्या उत्तरार्धात किंवा नोव्हेंबरात. म्हणजे वर्षातली सगळ्यात ओली भिंत आपण वर्षातल्या सगळ्यात उत्साही मुहूर्तावर रंगवतो. दिवाळीला घर उजळावं, याबद्दल माझं भांडण नाही. पण ओली भिंत सोडून बाकीचं घर रंगवा. तिचा मुहूर्त मार्च-एप्रिलमध्ये आहे, गुढीपाडव्याला. पाडवा काही कमी शुभ नाही.

"पण कमिटी ऐकत नाही हो"

हा पुढचा आक्षेप मला ठाऊक आहे, कारण मी कमिटीत होतो आणि ऐकत नव्हतो.

महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत जबाबदारीची वाटणी केलेली आहे. गच्चीतून, पावसाच्या पाण्याने, बाहेरच्या सामायिक पाइपांमुळे होणारी गळती सोसायटीच्या खर्चाने. संडास, सिंक वगैरेंमुळे होणारी आतली गळती संबंधित सदनिकाधारकांच्या खर्चाने, कारण शोधून. पूर्वसूचना देऊन सेक्रेटरी आणि कमिटीचा सदस्य घरात येऊन पाहणी करू शकतात. तेव्हा "माझ्या घरात येऊन बघायचा तुम्हाला काय अधिकार" हे वाक्य एजीएममध्ये कितीही जोरात म्हटलं तरी पोकळच. बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के दुरुस्ती निधीसाठी गोळा करावेत, हेही तिथेच लिहिलेलं आहे. मेंटेनन्स पन्नास रुपयांनी वाढला की आपण तासभर भांडतो. त्यातला दुरुस्ती निधी कुठे आहे, हे कोणी विचारत नाही.

इमारत १५ ते ३० वर्षांची असेल तर दर पाच वर्षांनी आणि त्यानंतर दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, हेही उपविधींतच आहे. आमची इमारत तिशी ओलांडून गेली आहे. ऑडिटचा रिपोर्ट बनवून घेतला होता, फाइलला लावला होता, कपाटात ठेवला होता. ते कपाट ज्या भिंतीला टेकलेलं आहे तिला ओल आहे. हे मी विनोदासाठी रचलेलं नाही.

घर नवीन असेल तर रेरा कायदा, २०१६ चं कलम १४ वाचा. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला दोष बिल्डरच्या नजरेला आणून दिला, तर त्याने तो ३० दिवसांत, पैसे न घेता दुरुस्त करायचा आहे. म्हणजे चौथ्या वर्षी स्वखर्चाने रंग काढणारा माणूस बिल्डरला नुसती सूटच देत नाही, दाव्याचा पुरावाही पुसतो. आधी तारखेसह फोटो काढा, लेखी तक्रार द्या. रंग कुठे पळून जात नाही.

"एवढा खर्च कोण करणार?" हा शेवटचा आक्षेप. मीच केला. बाथरूम पुन्हा फोडलं, पाणी भरून पूर्ण तीन दिवस ठेवलं, खालची स्लॅब इंजिनिअरच्या देखरेखीत दुरुस्त करून घेतली. चार वर्षांपूर्वी जे दोन-तीन दिवस वाचवले होते, त्यांची किंमत एका नव्या बाथरूमपेक्षा जास्त निघाली. ती पैशांत मोजता आली, हे माझं नशीब. काका त्या दिवशी घरी असते, तर ती मोजायचं एकक वेगळं असतं.

तर मंडळी, यंदा ग्रुपवर तो मेसेज येईल तेव्हा पेंटरचा नंबर टाकू नका. "ओल केव्हा वाढते?" एवढंच विचारा. आणि तुम्ही वरच्या मजल्यावर असाल, तर खालच्यांनी बेल वाजवायच्या आधीच एकदा खाली जाऊन मान वर करून बघून या. 'पावसाची असेल' हे वाक्य मात्र घरीच ठेवून जा.

काकूंच्या बेडरूमचं छत दुरुस्त होऊन आता सहा-सात महिने झाले. मी रंग काढून देतो म्हणून मागे लागलो होतो, अपराधी मनाला रंगाची फार घाई असते. काकू म्हणाल्या, "नको. एक पावसाळा जाऊ दे." सिमेंटचा तो करडा चौकोन तसाच आहे. त्याच्या कडेने जूनपासून दर आठवड्याला तारखेची रेघ मारायला काकांनी सुरुवात केली, स्टुलावर चढून, हातात लाल-निळी पेन्सिल घेऊन. परवा बघून आलो. ओल आली असती तर रेघा एकीबाहेर एक सरकत गेल्या असत्या. इथे जूनपासूनच्या सगळ्या रेघा एकाच जागी एकमेकींवर बसल्या आहेत.

तूर्तास इतकंच. आता चौथ्या मजल्यावर जातोय, त्यांच्या किचनखाली माझं छत आहे.